कॅम्पबेलटाउनमधली स्प्रिंगबँक

आज स्प्रिंगबँक ही व्हिस्कीची डिस्टिलरी बघून आलो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, किन्टायर द्वीपकल्पाच्या टोकाकडचं कॅम्पबेलटाउन हे तिचं गाव, आणि ती तिथे १८२८ पासून उभी आहे.

खरा रमलो मॉल्टिंगच्या, म्हणजे बार्लीला मोड आणण्याच्या जागेत. भिजवलेली बार्ली फरशीवर पसरलेली, तिला कोंब फुटत असलेले. मुळं गुंतू नयेत, आत उष्णता साठू नये म्हणून माणसं ती हाताने परतत राहतात. मूठभर दाणे हातात घेतले; मोड आलेल्या मटकीसारखा ओला, कोवळा वास! मग ती वाळवायची भट्टी, पीटचा (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या इंधनाचा) धूर. मॉल्ट करण्यापासून बाटली भरण्यापर्यंत सगळं इथेच होतं. स्कॉटलंडमध्येही हे आता फार दुर्मीळ आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

एकेकाळी या छोट्याशा गावात तीसच्या वर डिस्टिलऱ्या होत्या. अमेरिकेतली दारूबंदी, मंदी, घसरलेला दर्जा, आणि एकेक करत बंद पडत गेल्या. आज तीन उरल्यात.

दहा वर्षांची सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त मॉल्ट केलेल्या बार्लीपासून बनवलेली व्हिस्की) चाखली. जिभेवर तेलकट, किंचित खारट, मागून हलका धूर. दोन थेंब पाणी घातल्यावर आणखी खुलली. पीटचा भडिमार नको असेल त्यांनी किनाऱ्याकडच्या व्हिस्कीची सुरुवात हिच्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.