जागेवर गुरगुरतं, गिअर टाकला की मान टाकतं

१ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस बोटी कोरड्यावर असतात. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, ऑगस्ट लागला की माझा फोन थांबत नाही. यंदा पहिला फोन मढच्या मामांचा. सख्खे नाहीत, आईच्या नात्यातले, पण लहानपणापासून मामाच. म्हणाले, "इंजिन जागेवर एकदम छान चालतंय रे. गिअर टाकून रेस दिली की दोन-तीन मिनिटांत बसतं."

सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. आधी आलेल्या मेकॅनिकने सिलिंडरना मोजून डिझेल देणारा पंप काढून कॅलिब्रेशन करून आणला होता, डिझेल आत फवारणारे नोझलही तपासून घेतले होते. हंगामाच्या तोंडावर एवढे पैसे गेले आणि इंजिन होतं तसंच. हे बघितलं की मला फार वाईट वाटतं. पंप ही सगळ्यात शेवटी उघडायची वस्तू आहे. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल नीट पोचतंय का, हे बघायला पाने आणि पाइपाचे चार तुकडे पुरतात.

बोटीवर चढलो की मी आधी प्रश्न विचारतो. बंद पडतं ते एकदम की हळूहळू? धूर कसला? पुन्हा कधी उठतं?

"आवाज बसत बसत जातो आणि गप्प होतं," मामा म्हणाले. "काळा धूर नाही. दहा मिनिटं थांबलं की एका स्टार्टरला उठतं."

बोटीच्या पंख्यात दोर अडकला असता किंवा हवेचा फिल्टर तुंबला असता तर काळा धूर आला असता. इथे इंजिन उपाशी मरत होतं. जागेवर चालायला डिझेल लागतं चमचाभर, लोडवर त्याच्या कितीतरी पट. म्हणून न्यूट्रलला कितीही रेस देऊन बघा, त्यातून काही कळत नाही. बोट जेटीला दोन जाड दोरांनी बांधायची, भरतीचं पाणी भरपूर असताना गिअर टाकायचा आणि रेस वाढवत न्यायची. खरा लोड जागच्या जागी मिळतो. ही परीक्षा खाडीच्या तोंडाशी नको. तिथे गाळ साचलेला, ऑगस्टच्या लाटा फुटत असतात, आणि इंजिन गेलेली बोट लाटेला आडवी व्हायला वेळ लागत नाही. वर पाच-सहा माणसं असतात. त्यांच्यासाठीच मी घाई करत नाही.

टाकीतून डिझेल ओढून घेणाऱ्या फीड पंपाचा पाइप सोडला, स्वच्छ डिझेलचा कॅन ठेवला आणि माझा पाइप जोडून इंजिन थेट कॅनवर चालवलं. वीस मिनिटं पूर्ण रेसवर, बांधलेल्या बोटीचे दोर ताणलेले, एकदाही आवाज बसला नाही. म्हणजे पंप, नोझल, इंजिन सगळं धडधाकट. दोष टाकीकडे.

टाकी उघडली तर तळाला पाणी आणि काळा चिकट गाळ. बंदीत टाकी अर्धी रिकामी ठेवली की पावसाळी दमट हवेचं पाणी आत पत्र्यावर धरतं आणि ओघळून खाली जातं. डिझेल हलकं, ते वर तरंगतं. दोघांच्या मधल्या थरात जंतू वाढतात, त्यांचाच तो गाळ. दुपारभर टाकी धुतली, आतली जाळी साफ केली, फिल्टर नवे घातले, हातपंप मारून हवा काढली. मामांचा चेहरा उजळला.

बोट बांधून गिअर टाकला. चौथ्या मिनिटाला आवाज बसला.

मी इंजिनच्या कडेला फळीवर बसून राहिलो. कॅनवर चाललं, टाकीवर नाही, आणि टाकी तर आता साफ. मग लक्षात आलं. कॅन लावताना मी टाकी बदलली होती, पण तिच्याबरोबर पाइपही माझाच लावला होता. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि दोष एकीच्याच माथी मारला.

फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक पाइपाचा वीतभर तुकडा घातला. कुठे हवा शिरत असेल तर बुडबुडे दिसतात. ओढीच्या बाजूचा सांधा सैल असला तर बाहेर डिझेलचा थेंब पडत नाही, हवाच आत जाते, म्हणून हा तुकडा मी कायम पेटीत ठेवतो. रेस वाढवली. बुडबुडा एकही नाही. पण तो मऊ तुकडा माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू चपटा होत गेला. पंप जीव खाऊन ओढत होता आणि मागून डिझेल येत नव्हतं. मागे आता टाकी आणि काळा रबरी पाइप, एवढंच उरलं होतं.

पाइप काढला. बाहेरून नवा कोरा, कुठे चीर नाही. फुंकून पाहिला, हवा आरपार. ब्लेडने उभा चिरला तेव्हा दिसलं. आतला रबराचा थर फुगून सुटला होता, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आणि एका ठिकाणी जिभेएवढी पट्टी लोंबत होती. थोडी ओढ असली की ती कडेला पडून राहायची. जोराची ओढ आली की उठून भोक बंद करायची. इंजिन थांबलं, ओढ संपली, की पुन्हा खाली. दहा मिनिटांनी एका स्टार्टरला उठण्याचं कोडं तिथे सुटलं. तो पाइप डिझेलचा नव्हताच. साधं रबर डिझेलमध्ये फुगतं.

डिझेलचा पाइप घातला. बोट बांधून पाऊण तास पूर्ण रेसवर चालवली, आवाजात फरक नाही. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्नचा पाइपही त्याच गुंडाळीतला निघाला, तोही बदलला.

"मामा, ती गुंडाळी कुठाय?"

"थोडी आम्ही वापरली. उरलेली शेजारच्या दोन बोटींना दिली."

दोन्ही बोटी पहाटेच्या भरतीला निघायच्या होत्या. पेटी उचलली आणि तसाच त्यांच्याकडे गेलो.