तेल 26 तारखेलाच संपलं

दिवाळी होऊन महिना झाला असेल तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी कामावरून आले, हातपाय धुतले, भाजी फोडणीला टाकायला तेलाचा डबा उघडला तर तळाला जेमतेम दोन चमचे. तारीख 26. पगाराला अजून पाच-सहा दिवस, पर्समध्ये मोजून 340 रुपये आणि त्यातले 100 लेकीच्या शाळेत द्यायचे होते. आमच्याकडे महिन्याला तीन पिशव्या तेल लागतं, कित्येक वर्षं तेवढंच लागतंय, उलट महिनाअखेरीला वाटीभर उरतंच. मला काय झालं काय माहीत, दिवसभराचा थकवा म्हणा काय म्हणा, ओट्याशी उभ्या उभ्या सासूबाईंना बोलले, "आई, जरा हात राखून वापरा ना तेल, मी आता कुठून आणू?" त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या रात्री त्यांनी भाजी वाढून घेतली नाही, चहात चपाती बुडवून खाल्ली आणि झोपल्या.

दुसऱ्या दिवशी वाण्याकडे चौथी पिशवी घेतली, पुढे दोन गिऱ्हाईकं होती म्हणून उभी होते आणि सहज पिशवी उलटी करून वाचली. निव्वळ वजन 800 ग्रॅम. मी परत वाचलं. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम हे मला ठाऊक होतं कारण पूर्वी पिशवीवर तसंच छापलेलं असायचं. पिशवी तीच, रंग तोच, हातात घेतल्यावर तेवढीच वाटणारी. वाण्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, हे बऱ्याच दिवसांपासून असंच येतंय, 800 ची पण आहे, 840 ची पण आहे, बघून घ्यायचं." म्हणजे एका पिशवीत 110 ग्रॅम कमी, तीन पिशव्यांत 330 ग्रॅम. आमचं दिवसाला 90 ग्रॅमच्या आसपास तेल जातं. साडेतीन दिवसांचं तेल कमी येत होतं आणि मी त्याचा राग 68 वर्षांच्या बाईवर काढला होता.

घरी येऊन पिशवी आईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, आकड्यावर बोट ठेवून वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी जास्त वापरलं नव्हतं ना गं." हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. मी त्यांची माफी मागितली, त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, पण महागाईबद्दल लिहायचं म्हटलं की मला आकड्यांच्या आधी हेच आठवतं, की भाव वाढले की घरातली माणसं एकमेकांच्या ताटाकडे बघायला लागतात.

आता आकडे. परळला एका ऑफिसात बिलिंगला आहे, भांडुपला डोंगराच्या बाजूला चाळीत राहते. पगार कागदावर 17,800, त्यातून पीएफचे 1,440 आणि ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, 134 गेले की हातात 16,226. व्यवसाय कर 2023 च्या एप्रिलपासून 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना माफ आहे म्हणून ते 200 वाचतात. मिस्टर शिफ्टवर रिक्षा चालवतात, त्यांचं कधी 500 सुटतं कधी 700, पावसात पाणी भरलं की काहीच नाही. खोली सासऱ्यांनी घेतलेली म्हणून भाडं नाही आणि त्या एका गोष्टीवर आमचं घर उभं आहे. शेजारच्या खोलीतली ताई दहा बाय बाराच्या खोलीचे 7,000 भरते, वर डिपॉझिट वेगळं, आणि तिचा नवरा माझ्याएवढंच कमावतो. ती कसं भागवते हे मी तिला विचारत नाही कारण मला माहितीय, ती दुपारचं जेवत नाही.

लोकांना वाटतं महागाई म्हणजे कांदा-टोमॅटो 100 वर जाणं. 2023 च्या जुलैत टोमॅटो 100 च्या खूप वर गेला होता, पण तेव्हा काय केलं, टोमॅटो बंद केला, चिंच-कोकम घातलं, चार-सहा आठवड्यांत भाव उतरला. अशी वाढ दिसते तरी. आम्हाला मारते ती दोन-दोन पाच-पाच रुपयांची वाढ, जी परत कधी उतरत नाही. बेस्ट बसचं कमीत कमी तिकीट 5 रुपये होतं, 9 मे 2025 पासून ते 10 झालं. ऐकायला पाच रुपये. मला स्टेशनपर्यंत जायला आणि यायला बस लागते, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 260 रुपये जास्त. त्याच्या महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, गॅस सिलिंडर 50 ने वाढून मुंबईत 852.50 झाला. दूध वाढलं दोन रुपयांनी, आम्ही रोज एक लिटर घेतो, म्हणजे 60. त्या वर्षी मला पगारवाढ मिळाली होती 400 रुपये. बस, गॅस, दूध मिळूनच 370 होतात, लेकीच्या वह्या, आईंच्या गोळ्या, वीजबिल हे अजून धरलंच नाही.

म्हणून आता सकाळी मी चालत उतरते, 25 मिनिटं लागतात, उतार आहे त्यामुळे काही वाटत नाही. संध्याकाळी हातात भाजीची पिशवी असेल तर मात्र बस पकडते कारण चढ चढून आलं की पुढे स्वयंपाकाला उभं राहवत नाही, आणि ज्या दिवशी दहा रुपये वाचवायला चढून आले त्या दिवशी घरात कुणावर तरी ओरडलेय हे मी बघितलंय.

रिक्षाचं पण सांगते. 1 फेब्रुवारी 2025 पासून मीटरचं कमीत कमी भाडं 23 वरून 26 झालं, तेव्हा आम्ही खूश होतो, वाटलं आता मिस्टरांच्या हातात चार पैसे जास्त येतील. आठवड्याभरात मालकाने शिफ्टचे 50 रुपये वाढवले. आणि जवळची भाडी कमी झाली कारण माझ्यासारख्याच बायका आता चालत जातात. ते म्हणतात, सवारीला पण परवडत नाही गं, मी कुणावर चिडू.

रेशनबद्दल मात्र मला राग आहे आणि तो लपवायची गरज वाटत नाही. आमचं कार्ड केशरी, सासऱ्यांच्या वेळचं. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळतं आणि 2023 पासून ते फुकट आहे, अंत्योदयवाल्यांना, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, घरामागे 35 किलो. चांगली योजना आहे, आमच्या गल्लीतल्या दोन घरांच्या चुली त्याच्यावर चालतात आणि त्यांच्यातला एक दाणा कमी व्हावा असं मला वाटत नाही. पण शहरात त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा किती, तर वर्षाला 59,000. घरातल्या सगळ्यांचं मिळून. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या पण आत. कायदा 2013 चा, तेव्हा ठरलेला हा आकडा, आणि मी चौकशीला गेले तेव्हा अजून हाच सांगितला. मुंबईत महिना पाच हजारांत चार माणसं कोण जगवतं? ज्या घरात एक जण जरी कायदेशीर पगारावर कामाला आहे ते घर आपोआप बाहेर. आणि तेच राज्य लाडक्या बहिणीसाठी मर्यादा धरतं अडीच लाख. आमचं दोघांचं मिळून त्याच्याही वर जातं म्हणून मी फॉर्म भरला नाही, खोटं लिहायचं नव्हतं. पण एकीकडे 59 हजार आणि दुसरीकडे अडीच लाख, यातला गरीब कुठला खरा धरायचा हे एकदा ठरवायला हवं. किमान वेतनातला विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकावर दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. मग रेशनची मर्यादा का हलत नाही? एवढाच माझा प्रश्न आहे आणि तो मी आमच्या माजी नगरसेवकाच्या ऑफिसात लेखी देऊन आलेय.

ईएसआयसीचं जाता जाता सांगते, कारण माझ्यासोबतच्या निम्म्या मुलींना माहीत नाही. पगार 21,000 पर्यंत असेल तर आपल्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यात घरच्यांचे उपचार होतात. कार्ड काढून ठेवा. लेकीला डेंग्यू झाला तेव्हा मी आधी खाजगीत धावले आणि दोन दिवसांत भिशीचे सगळे पैसे गेले, मग कुणीतरी मुलुंडच्या ईएसआयसी हॉस्पिटलचं सांगितलं.

तर तेलाच्या त्या प्रकारानंतर एका रविवारी आई बोलायला लागल्या. त्यांचं माहेर गोरेगावचं. 1972 च्या दुष्काळात धान्य मिळत नव्हतं, तेल-तूप गायब, तेव्हा समाजवादी पुढारी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट पुढारी अहिल्या रांगणेकर यांनी वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आणून महागाईविरोधात मोर्चे काढले होते, लाटणं हातात घेऊन, थाळ्या वाजवत. आई तेव्हा पंधरा वर्षांच्या, त्यांच्या आईचा पदर धरून गेल्या होत्या. म्हणाल्या, घरचं लाटणं नेलं होतं आणि परत येताना ते चेपलेल्या थाळीवर आपटून आपटून चिरलं होतं, पुढे कितीतरी वर्षं त्याच चिरलेल्या लाटण्यावर पोळ्या झाल्या. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. 1975 ला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि त्यांच्या बिल्डिंगमध्ये महिन्याचं वाटप यायला लागलं, म्हणजे सगळ्या घरांची यादी एकत्र, सामान एकत्र आणायचं आणि कुणाच्या तरी खोलीत बसून आपापसात वाटून घ्यायचं. "तुम्ही का नाही करत असं?" असं त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

आम्ही आठ घरांनी सुरू केलं. गल्लीतला भाजीवाला रोज पहाटे टेम्पोने वाशी मार्केटला जातोच, त्याला 100 रुपये दिले की तो दाणा बाजारातून आमचं सामान घेऊन येतो. पहिल्यांदा तूरडाळीचा 30 किलोचा कट्टा आणला. 30 चाच का, तर 18 जुलै 2022 पासून पॅक करून लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर 5 टक्के जीएसटी आहे पण तो 25 किलोपर्यंतच्या पॅकला, त्याच्या वरच्या गोणीला नाही. किलोमागे आम्हाला 18 रुपये कमी पडले. 540 वाचले, टेम्पोचे 100 गेले, घराला आले 55. एकीने विचारलं, एवढ्याचसाठी का रविवार घालवायचा? पण पुढच्या महिन्यात तांदूळ, साखर, शेंगदाणे आणि तेलाचा 15 किलोचा डबा धरला तर घराला 280 सुटले. माझे बसचे 260 भरून निघाले.

तेलाच्या भावाचं पण तेव्हाच नीट कळलं. आपल्याकडे लागणाऱ्या खाद्यतेलातलं अर्ध्याहून जास्त बाहेरून येतं. सप्टेंबर 2024 ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, ते मिळू दे, माझ्या माहेरी पण शेतीच आहे. 2025 च्या मे अखेरीला ते 10 वर आणलं. चढताना भाव आठवड्यात चढला, उतरताना वाण्याकडे मी महिने मोजले. पॅकिंग किती वजनाचं असावं हे काही वस्तूंना ठरवून दिलेलं असायचं, तो नियम 2022 मध्ये निघाला, त्याबदल्यात पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापावा लागतो. बारीक अक्षरात असतो, एमआरपीच्या जवळ शोधा. दोन पिशव्यांमधली स्वस्त कुठली ते फक्त त्या आकड्यावरून कळतं, मोठ्या आकड्यावरून नाही.

वाटप आमच्या खोलीत होतं कारण आई दिवसभर घरी असतात. डबा मधे ठेवतात, खाली वर्तमानपत्र, शेजारी इलेक्ट्रिक काटा जो आम्ही वर्गणी काढून 650 ला घेतला. प्रत्येकीची बरणी आधी रिकामी काट्यावर ठेवून शून्य करायचं, मग आई पळीने तेल ओततात, शेवटी शेवटी अगदी धारेने, आकडा 1,875 वर आला की पळी वर आणि पळीच्या कडेला लोंबणारा थेंब पण त्याच बरणीत झटकतात. आठ बरण्या, आठही वेळा तसंच. कुणाला दोन ग्रॅम जास्त नाही, कुणाला कमी नाही. शेजारची ताई पैसे दोन हप्त्यांत देते, ते वहीत लिहिलेलं असतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता संक्रांत आली. तीळ आणि चिक्कीचा गूळ या रविवारी आणायचाय, मंगळवारपर्यंत पैसे गोळा करायला हवेत, तीन घरांचे अजून यायचेत. कालच नवव्या घरातल्या वहिनी दारात येऊन विचारून गेल्या, आम्हाला घ्याल का म्हणून. आईंनी उठून वही काढली आणि त्यांचं नाव लिहून घेतलं.