अडुळशातून व्हॅसिसिन काढताना

यावलकडे आमच्या शेताच्या कुंपणाला अडुळसाच आहे. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि खोकला झाला की काढ्याला पानं हाताशी असतात. या पानांतलं मुख्य अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजन असलेलं अल्कधर्मी संयुग) म्हणजे व्हॅसिसिन. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन त्याच्याच रचनेवरून पुढे आलं. एम.एस्सी.च्या प्रकल्पात ते शुद्ध रूपात वेगळं करायचं, हे मी आधीच ठरवलं होतं.

नमुन्याची ओळख वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून पक्की करून घेतली, एक फांदी हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला दिली. पानं सावलीत वाळवून भरड दळली, पेट्रोलियम ईथरनं मेणचट भाग काढला आणि मग मिथेनॉलमध्ये अर्क घेतला.

इथून पुढे गाठ पडली मे महिन्याशी. जळगावचा पारा तेव्हा ४५ च्या आसपास असतो. साधं डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, त्यामुळे ते वापरायचा विचारच सोडला. रोटाव्हेपर म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र. त्याच्या वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला टाकीचं पाणी जोडलं, तर तेच तापलेलं. मिथेनॉलची वाफ थंड होईना. शेवटी थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचं पाणी भरलं, त्यात कूलरचा छोटा पंप सोडला आणि तेच पाणी फिरवत ठेवलं. अर्क न तापवता आटला. ही सोय खानदेशातल्या प्रत्येक प्रयोगशाळेनं करून ठेवावी.

उरलेला डिंकासारखा गोळा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळला. अल्कलॉइड आम्लाशी जोडून पाण्यात उतरतं. रंग आणि राळ क्लोरोफॉर्मनं धुऊन जातात. मग अमोनिया थेंबाथेंबानं घातला. पीएच ९ च्या पुढे गेला तसं पाणी गढूळ झालं, आणि मला अतोनात आनंद झाला. आता अल्कलॉइड मोकळं होतं, क्लोरोफॉर्ममध्ये येणार होतं. थर वेगळे करायचं फनेल मात्र जोरात हलवू नये. दोन्ही थर एकजीव झाले तर वेगळे व्हायला फार वेळ खातात.

टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी पट्टी) अल्कलॉइड ओळखणाऱ्या ड्रॅगेनडॉर्फ द्रावणाचा फवारा मारल्यावर नारिंगी ठिपके उमटले, एक खाली, एक वर. तोच अर्क उजेडात राहिला की वरचा ठिपका गडद होत जायचा. हवा आणि उजेड लागला की व्हॅसिसिनचं ऑक्सिडीकरण होऊन व्हॅसिसिनोन बनतं. म्हणून घटक वेगळे करणाऱ्या कॉलमला (भरलेल्या काचनळीला) फॉइल गुंडाळली, त्यातून एकामागून एक येणारे भाग, म्हणजे फ्रॅक्शन, तपकिरी बाटल्यांत घेतले आणि प्लेट त्याच दिवशी लावल्या.

नुसत्या ठिपक्यावरून नाव ठरवणं मला पटत नाही. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचं वजन दाखवणारी चाचणी) खालच्या ठिपक्याचा आयन १८९ ला आला, वरच्याचा २०३ ला. म्हणजे एक ऑक्सिजन वाढला आणि दोन हायड्रोजन गेले. एनएमआरमध्ये (रेणूतल्या हायड्रोजनच्या जागा दाखवणारी चाचणी) वरच्याचा एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन, ८.३ पीपीएमजवळ सरकलेला दिसला. शेजारी कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) आल्याशिवाय तो तिथे जात नाही. खालच्यात तो नव्हता. खालचा ठिपका व्हॅसिसिनचाच.