नाकपुडीतला विद्युतदाब

इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या श्वसन प्रयोगशाळेत मी काम करत असताना तिशीतील एक स्त्री नाकातील विद्युतदाब मोजून घेण्यासाठी आमच्याकडे आली. लहानपणापासूनचा खोकला, दोन्ही फुफ्फुसांत ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणे) आणि कफात वारंवार सापडणारे स्यूडोमोनास हे जिवाणू असूनही सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे निदान कुणी ठामपणे केलेले नव्हते. तिचे कुटुंब मूळचे पंजाबचे, आणि हा आजार युरोपीय वंशाच्या लोकांचाच ही समजूत बराच काळ आड आली असावी. या आजारात वाढणारे घामातील क्लोराइड लिटरमागे 48 मिलिमोल भरले होते, म्हणजे 30 ते 60 या संदिग्ध पट्ट्यात. जनुकचाचणीच्या नेहमीच्या यादीतून एकच दोष हाती लागला होता, आणि आजार होण्यासाठी तर जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात.

श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशी पृष्ठभागावरचे सोडियम सतत शोषून घेतात, त्यामुळे तो पृष्ठभाग आतल्या बाजूच्या मानाने ऋणभारित राहतो. निरोगी नाकात हा फरक साधारणपणे उणे 20 मिलिव्होल्टच्या आसपास असतो, कारण सोडियमपाठोपाठ क्लोराइडही आत जाऊ शकते आणि भारातील तफावत बरीचशी भरून निघते. ही वाट म्हणजे सीएफटीआर हे प्रथिन; सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ते निकामी झाले की क्लोराइडची ती वाट बंद होते आणि फरक दुपटीच्या घरात जातो. अमेरिकेतील चॅपेल हिल येथील नोल्स, गॅट्झी आणि बाउचर या संशोधकांनी 1981 मध्ये, म्हणजे या आजाराचे जनुक सापडण्याच्या आठ वर्षे आधी, हे रुग्णांमध्ये मोजून दाखवले होते. सोडियमचे शोषणही या आजारात खरोखर वाढते की क्लोराइड अडल्यामुळे तसे भासते, यावर मतभेद आहेत. डुकराच्या नवजात पिलांवरील 2010 च्या संशोधनानंतर माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे.

चाचणीत मोठे यंत्र असे काही नसते. एक विद्युतअग्र हाताच्या त्वचेखाली, दुसरे बारीक नळीतून नाकपुडीत खालच्या टर्बिनेटखाली (नाकातील हाडाच्या वळीखाली), आणि त्याच नळीशेजारून कोमट द्रावणे सोडली जातात. हनुवटीखाली भांडे धरून रुग्णाने निश्चल बसायचे. गिळले तरी आलेख उसळतो. तिने हे सारे फार संयमाने सोसले.

सुरुवातीचा आकडा उजवीकडे उणे 41 आला. तो अर्थातच सूचक होता, परंतु एवढ्यावर अहवाल लिहिणे मला मान्य नाही, कारण सर्दीने किंवा पॉलिपने (नाकातील मांसल वाढीने) अस्तर खराब झाले की हा आकडा फसवा ठरतो. ॲमिलोराइड या औषधाने सोडियमची वाहिनी रोखताच आलेख 28 मिलिव्होल्टने शून्याकडे सरकला. खरी कसोटी त्यानंतरची होती. क्लोराइड जवळजवळ काढून टाकलेले द्रावण आणि पाठोपाठ सीएफटीआर उघडायला लावणारे आयसोप्रेनालिन हे औषध दिले, की निरोगी पेशींतील क्लोराइड सीएफटीआरमधून बाहेर झेपावते आणि आलेख पुन्हा ठळकपणे ऋण बाजूला उतरतो. येथे रेषा सपाटच राहिली. उलट किंचित वर चढली.

सपाट रेषेचा दुसराही अर्थ संभवतो: नळीचे टोक सरकले असेल किंवा खालच्या पेशीच निर्जीव असतील. म्हणून शेवटी एटीपी हे रसायन सोडतात, जे कॅल्शियमवर चालणाऱ्या, सीएफटीआरशी संबंध नसलेल्या क्लोराइड वाहिन्या उघडते. एटीपी पोहोचताच रेषा काही क्षणांत दहा-बारा मिलिव्होल्टने ऋण बाजूला उतरली. पेशी जिवंत होत्या, टोक जागेवर होते, क्लोराइड बाहेर पडू शकत होते. बंद होती ती फक्त एकच वाट. माझ्या मते या चाचणीतील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि घाईच्या दिवशी नेमका तोच गाळण्याचा मोह होतो. डाव्या नाकपुडीतही तेच दिसले.

एकाच दिवसाच्या नोंदीवर विसंबायचे नाही या शिरस्त्याने पुढे ती पुन्हा आली, निष्कर्ष बदलला नाही, आणि संपूर्ण जनुकाचे वाचन मागवल्यावर यादीत नसलेला दुसरा दोष सापडला. निदान नोंदवले गेल्यावर आमच्या वरिष्ठांनी तिच्या धाकट्या भावाला घामाच्या चाचणीसाठी बोलावून घेतले.