ससून ते निवारा

पुण्याच्या ससून सर्वोपचार रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते. ज्या रुग्णाला घरी नेणारे कोणी नाही, त्याची पुढची सोय लावणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या दिवशी ज्या बाबांना घेऊन मी नवी पेठेतल्या 'निवारा' वृद्धाश्रमाकडे निघाले होते, त्यांच्या केसपेपरवर पहिले चार दिवस 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे 70' एवढेच लिहिलेले होते. रेल्वे पोलिसांनी त्यांना स्टेशनवरून आणले होते आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. शुद्धीवर आल्यावर त्यांनी नाव सांगितले. गाव विचारले की मात्र ते भिंतीकडे तोंड फिरवीत.

रिक्षात कुबड्या मांडीवर आडव्या धरून ते गप्प बसले होते. आपण जातो आहोत त्या जागेचे जुने नाव 'डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह' असल्याचे मी सहज सांगितले, तेव्हा ते एकदम म्हणाले, "ताई, हितंबी ससून अन् तिथंबी ससून. ह्यो मानूस हाय तरी कोन?"

मी सांगू लागले. डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 साली बगदादमधला. वडील तिथल्या पाशांचे, म्हणजे तुर्की सुभेदारांचे, खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख होते. तरीही पुढे दावूद पाशाच्या जाचामुळे या घराण्याला गाव सोडावे लागले, आणि इराणच्या बुशहर बंदरातून डेव्हिड 1832 च्या सुमारास मुंबईला येऊन स्थिरावले. कापसाच्या आणि चीनकडे जाणाऱ्या अफूच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला. अफूचा उल्लेख मी बाबांपाशीही टाळला नाही. व्यसनाने खंगलेली माणसे रोज पाहणाऱ्या मला तो पैसा निर्मळ म्हणवत नाही. आणि त्याच पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतीत दीडशेहून अधिक वर्षे गोरगरिबांवर उपचार होत आले आहेत, हेही मी डोळ्यांआड करू शकत नाही. ससूनांनी पुण्याच्या कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आपल्या ज्यू बांधवांसाठी बांधायला घेतले, पण रुग्णालयाचे दार त्यांनी एका धर्माच्या माणसांपुरते ठेवले नाही. 1864 साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. देऊळ आणि रुग्णालय, दोन्ही 1867 मध्ये पुरी झाली. त्यांना ती पाहायला मिळाली नाहीत. त्यांची कबर त्या देवळाच्याच आवारात आहे.

"म्हंजी गावाकडं न्हाई नेलं त्यांना," बाबा म्हणाले. मी नाही म्हटले. त्यानंतर बराच वेळ ते रस्त्याकडे पाहत राहिले.

निवाऱ्यात पोचल्यावर प्रवेशाचा अर्ज समोर आला. माझ्या हातात पेन पाहताच बाबांनी आपला उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवला. लिहिता येत नसल्याची ती लाज मी वॉर्डात अनेकदा पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी ती माझ्या जिवाला लागते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि रिक्षात राहून गेलेली गोष्ट सांगितली. इतक्या मोठ्या पेढीच्या या मालकाला इंग्रजी येत नव्हते. 1853 साली ब्रिटिश नागरिकत्वाच्या कागदावर त्यांनी सही केली ती आपल्या हिब्रू लिपीत, आणि सरकारने ती मान्य केली.

"चालली?" त्यांनी विचारले.

"चालली, बाबा."

त्यांनी हात बाहेर काढला, अंगठा शाईच्या पॅडवर नीट दाबला आणि अर्जावर सावकाश टेकवला. ठसा स्वच्छ उमटला होता. मग गावाच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी मला तिथे काय लिहायचे ते सांगितले.