सेवेच्या इंटर्नशिपला पैसे कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

कल्याणपासून पनवेलपर्यंतच्या प्राध्यापकांचे मला फोन येतात आणि फिरून फिरून गाडी एकाच प्रश्नावर येते. "मॅडम, मुलं समाजाचंच काम करणार ना, मग निधी कशाला? आणि कॉलेजकडे मागायचाच तर अर्जात लिहायचं काय?" फोनवर उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग ही इंटर्नशिप आली, चार क्रेडिटची, म्हणजे 120 तासांची. आमची बहुतेक मुलं सीएच्या ऑफिसात किंवा ओळखीच्या दुकानात जातात. त्यात वाईट काही नाही. पण हिशेब, फॉर्म, कागदपत्रं हे जे आम्ही शिकवतो त्याची खरी निकड कुठे आहे, हे मला नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या मजूर नाक्यावर दिसलं होतं, जिथे रोजंदारीचे मजूर सकाळी कामाच्या शोधात जमतात. तिथे एक छोटी संस्था बांधकाम कामगारांची कल्याणकारी मंडळात नोंदणी करून देते. अट सोपी वाटते: वय 18 ते 60, आणि गेल्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. पण नाक्यावर ठेकेदार रोज वेगळा. सही कोण देणार? मग माणसाला शेजारी बसवून आठवत जायचं, गणपतीच्या आधी कुठे होतात, स्लॅब कोणत्या बिल्डिंगचा होता, मुकादम कोण. एका बाईंच्या आधारवर नवऱ्याचं नाव होतं आणि पासबुकावर वडिलांचं. माझा एक विद्यार्थी दोन्ही कागद मांडीवर घेऊन अक्षराखाली बोट धरून त्यांना वाचून दाखवत होता. बँकेत काय बोलायचं तेही त्याने चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. बँकिंगच्या तासाला केवायसी हा शब्द त्याने दहा वेळा ऐकला असेल, पण तो त्याला कळला त्या दिवशी.

पहिल्या वर्षी मी पैसे मागितलेच नाहीत. सेवेला पैसे मागायचे कसे, असं मलाही वाटायचं. ओजेटीसाठी या संस्थेत सहा मुलं गेली, तिसऱ्या आठवड्यात दोन उरली. गळालेल्यांपैकी एक मुलगी दिव्याची. तिचा रेल्वेचा सवलतीचा पास घर ते कॉलेज, म्हणजे दिवा ते ठाणे. पुढे तुर्भ्यापर्यंत ट्रान्स हार्बर लोकलचं तिकीट खिशातून, स्टेशनबाहेर शेअर रिक्षाही खिशातून. नाका सकाळी सातला भरतो, म्हणजे नाश्ताही बाहेरच. ती स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, काम आवडतं मला. पण रोजचे सत्तर रुपये नाही जमत." रोज चार तास धरले तर 120 तासांचे तीस दिवस होतात. मी हजेरीपत्रकाच्या मागे गुणाकार केला: 2100 रुपये. तेवढ्यासाठी ती गेली आणि उरली ती दोघं, ज्यांच्या घरून हे पैसे सहज सुटत होते. निधी कशाला, याचं माझं उत्तर एवढंच आहे. पैसे ठेवले नाहीत तर सेवा करायची ऐपत असलेलीच मुलं सेवा करतात. आणि नाक्यावरच्या माणसाची भाषा, त्याची अडचण ज्यांना घरातूनच ठाऊक असते, नेमकी तीच मुलं बाहेर राहतात.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या सीड मनीसाठी, म्हणजे उपक्रम सुरू करायला कॉलेज देतं त्या छोट्या निधीसाठी, अर्ज केला आणि तो परत आला. पाच पानं लिहिली होती, त्यातली तीन 'सामाजिक जाणीव रुजवणे', 'सर्वांगीण विकास' असल्या वाक्यांची. समितीने विचारलं, हे तर एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) काम, वेगळा निधी का? प्रश्न रास्त होता. एनएसएस 1969 पासून आहे, दोन वर्षांत 240 तास, शिबिरं, श्रमदान. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण इंटर्नशिपमध्ये मूल एका जागी, एका कामात, एका माणसाच्या हाताखाली शिकतं आणि त्याच्या विषयातल्या कौशल्याला गुण मिळतात. हा फरक माझ्या पाच पानांत कुठेच नव्हता.

मग मे महिन्यात मी स्वतः त्या संस्थेत जाऊन बसले. तुम्हालाही कळकळीने सांगते, आधी हे करा. आपण समजतो तिथे वीस मुलं बॅनर घेऊन हवी असतात. त्यांना हवे होते रोज सकाळी न चुकता येणारे दोन हात, आणि नाकारलेल्या अर्जांची कारणांसकट नोंद ठेवणारं कुणीतरी. दुसऱ्या अर्जाचा पहिला परिच्छेद हाच होता. विद्यार्थ्यांना काय मिळणार, हे त्यानंतर आलं. अर्ज दोन पानांत संपला आणि मंजूर झाला.

खर्चाच्या तक्त्यात प्रवास सगळ्यात वर ठेवा. खाली नाश्ता, झेरॉक्स, लॉगबुकची छपाई. रिक्षाचं बिल मिळत नाही आणि अकाउंट्स विभाग बिलाशिवाय पैसे सोडत नाही, यावर आमचं काम दीड महिना अडलं होतं. म्हणून अर्जासोबतच कॅश व्हाउचरचा नमुना जोडा: तारीख, कुठून कुठे, रक्कम, मुलाची सही, संस्थेच्या कार्यकर्त्याची सही. एकदा तो मान्य झाला की वर्षअखेरीचं युटिलायझेशन सर्टिफिकेटही, म्हणजे निधी कशावर खर्च झाला याचा दाखलाही, सुरळीत होतं. आणि अर्ज डिसेंबर-जानेवारीत द्या. मार्चनंतर सगळे 'पुढच्या बजेटमध्ये बघू' म्हणतात.

सीएसआरबद्दलही, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशांबद्दलही विचारता. समोर टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक) एवढा मोठा औद्योगिक पट्टा असल्यावर मोह होतोच. पण ते पैसे घ्यायला संस्थेची सरकारकडे सीएसआर-1 या फॉर्मने नोंदणी लागते, आणि तीस-चाळीस हजारांसाठी एवढी धावाधाव करण्यात मला अर्थ दिसत नाही. शिवाय तिथे फोटो मागतात. मजुरांचे फोटो अहवालात लावायचे नाहीत, हे आम्ही पहिल्या दिवसापासून पाळतो. किती अर्ज भरले, किती परत आले, का आले, हा तक्ता पुरेसा बोलका असतो.

माझ्या तक्त्यातली एक ओळ मात्र दोन्ही वर्षं कापली गेली, ती संस्थेच्या ताईंच्या मानधनाची. "त्यांचं ते कामच आहे" असं उत्तर मिळालं. मला ते पटत नाही. मुलाला फॉर्म कसा तपासायचा हे शिकवताना त्यांचे स्वतःचे चार फॉर्म राहतात. यंदाच्या अर्जात ती ओळ मी पुन्हा घातली आहे आणि तिच्यासमोर हिशेब मांडलाय: रोज एक तास, तीस दिवस, तीस तास. समितीची बैठक पुढच्या मंगळवारी आहे.