चाळिशीत पाण्यात उतरताना

"गोव्यात घर आणि पोहता येत नाही?" पाहुण्यांनी असं विचारलं की किनाऱ्यापासून आत असलेल्या डिचोली-साखळीकडचा माणूस हसून वेळ मारून नेतो. किनाऱ्यालगतच्या गावांतही अशी माणसं काही कमी नाहीत. लहानपणी विहिरीकडे फिरकायला घरची बंदी, पुढे शाळा, नोकरी, संसार, आणि मग "आमचं पाण्याशी जमत नाही" हे वाक्य आडनावासारखं चिकटतं. चाळिशीनंतर स्वतःला जरा नव्याने घडवायचं मनात असेल तर आधी हे वाक्य खोडावं, असं माझं मत. भाषा किंवा वाद्य शिकताना आपण आपलीच समजूत काढू शकतो. पाण्यात ती सोय नाही. पंचवीस मीटर जातात, नाहीतर जात नाहीत.

शिकायचं ते तलावात, समुद्रात नाही. लाट, वाळू आणि खारं पाणी डोळ्यांत जात असताना श्वासाचा सराव होत नाही. पणजीतल्या कांपालच्या तलावावर २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतल्या पोहण्याच्या शर्यती झाल्या, पण आपल्याला तेवढा मोठा तलाव लागत नाही. छातीपर्यंत पाणी असलेला उथळ भाग आणि धरायला काठ एवढं पुरतं. कपडे नायलॉन किंवा पॉलिस्टरचे घ्या. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. गॉगल घेताना पट्टा न लावता डोळ्यांवर हलकेच दाबून बघा. दोन सेकंद चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. काचेला आतून बोट लावू नका, धुकं न धरण्यासाठी दिलेला थर निघून जातो. उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करा. घाम आणि क्लोरीन एकत्र आले की जे तयार होतं, त्यानेच डोळे चुरचुरतात आणि तो उग्र वास येतो. लोक मात्र क्लोरीन जास्त झालं म्हणून तलाववाल्याला बोल लावतात.

पहिले तीन-चार दिवस हातपाय मारायचेच नाहीत. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण पैसे भरलेत ते पोहायला आणि शिक्षक सांगतो बुडबुडे काढा. पण सगळी मेख तिथेच आहे. दम कोंडून धरला की जीव घाबरतो तो प्राणवायू संपल्यामुळे नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठत गेल्यामुळे. म्हणून तोंड पाण्यात असताना श्वास सतत सोडत राहायचा. काठ धरा, तोंडाने श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला आणि नाकाने "हुंऽऽ" असा आवाज काढत चार आकडे मोजा. आवाज चालू आहे तोवर नाकात पाणी शिरत नाही. वर या, श्वास घ्या, पुन्हा खाली. असे वीस. मग थोडी विश्रांती आणि आणखी वीस. घरी बादलीत तोंड घालूनही हे करता येतं, घरच्यांनी हसायचं तेवढं हसून घ्यावं.

दुसरी गोष्ट, जी शिकवायला बरेच शिक्षक विसरतात, ती म्हणजे तरंगत असताना उभं कसं राहायचं. पालथं तरंगणाऱ्या नवख्याला बुडण्याहून जास्त भीती याची असते की पाय खाली लागणारच नाहीत. गुडघे पोटाशी घ्या, दोन्ही तळहात पाण्यावर खाली दाबा, डोकं वर येऊ द्या आणि मगच पाय सोडा. हे दहा वेळा जमलं की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला काठावरूनही दिसतो. धाडसी माणसं इथे मागे पडतात. ती पहिल्याच दिवशी खोलात उडी मारतात, नाकातोंडात पाणी जातं आणि पुढचे पंधरा दिवस काठ सोडत नाहीत.

मग भिंतीला पायाने रेटा देऊन पाण्यावर आडवं सरकत जायचं. हात कानांना चिकटून पुढे, नजर सरळ तळाच्या फरशीवर. समोर बघितलं की डोकं वर येतं आणि पाय खाली जातात, कारण फुप्फुसांतली हवा छातीला वर उचलते आणि कंबरेखालचा भाग जड असतो. पाय बुडतात म्हणून जोरात लाथा मारणं हा सगळ्यांचा पहिला उपाय आणि तो हमखास फसतो. लाथ कमरेपासून, गुडघा जेमतेम वाकलेला, घोटा सैल. सायकल चालवल्यासारखे गुडघे पुढे आले की माणूस जागच्या जागी राहतो. रोज पळणाऱ्यांचे घोटे इतके घट्ट असतात की फळी धरून लाथा मारताना काही जण चक्क मागे सरकतात. त्यांनी घरी वज्रासनात बसून घोटे सैल करावेत.

फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं पडून आळीपाळीने हात मारत पोहताना, श्वासासाठी डोकं उचलायचं नाही, अंगासकट कुशीवर वळायचं. एक कान आणि गॉगलची एक काच पाण्यातच राहायला हवी. उच्छ्वास वळण्याआधी संपलेला असावा. बाहेर तोंड काढून सोडणं आणि घेणं दोन्ही करायला गेलात तर दहा मीटरांत दम लागतो, आणि माणूस समजतो की आपला स्टॅमिनाच कमी.

आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटं. रविवारी एकदम दोन तास पोहून काही होत नाही, शरीर मधल्या सहा दिवसांत विसरतं. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सगळं अडकल्यासारखं वाटतं आणि फी भरलेले निम्मे लोक तेव्हाच गळतात. तेव्हा एक पाऊल मागे जाऊन पुन्हा बुडबुडे काढावेत. कानात पाणी राहिलं तर डोकं तिरकं करून पाळी हलवा. काडी घालू नका, तेल तर मुळीच नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत कानात बुरशी धरायला तेवढं पुरतं. पडद्याला भोक असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पंचवीस मीटर झाले की समुद्राची स्वप्नं पडतात. थोडं थांबा. दोनशे मीटर न थांबता, पाठीवर पाच मिनिटं शांत तरंगणं आणि खोल पाण्यात उभ्याने हातपाय हलवत डोकं वर ठेवणं, हे आधी. जून ते सप्टेंबर समुद्राचा विषयच काढू नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनाही मासेमारी बंद असते. नंतरही जीवरक्षक आहे तिथेच, त्याने लावलेल्या लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्ये, कंबरभर पाण्यात आणि किनाऱ्याला समांतर. नुसता लाल बावटा दिसला तर घरी. आत समुद्राकडे खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग तिरके किनाऱ्याकडे या. दमलात तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा.

राहता राहिली विहीर. पूर्वी पोरांच्या कमरेला दोन सुके असोले नारळ बांधून त्यांना विहिरीत सोडत आणि दोराचं टोक वर कुणाच्या तरी हातात असे. २४ जूनला सांजांवाच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या दिवशी डोक्यावर कोपेल (पानाफुलांचा मुकुट) घालून विहिरीत उडी मारण्याचा मोह नव्याने पोहायला लागलेल्याला आवरत नाही. मारा, पण आधी बाहेर यायला पायऱ्या किंवा दोर आहे का ते बघा, विहिरीत वाकून काठाचे दगड शेवाळलेत का ते बघा, उडी पाय खाली ठेवूनच, आणि आधीचा माणूस वर आल्याशिवाय नाही. फेणी नंतर.